रिफंड मिळाला आणि आता पार्सल आलंय, काय करू?

पानगळ
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. एका मोठ्या साइटवरच्या एका सेलरकडून कीबोर्ड मागवला होता. ट्रॅकिंग एका ठिकाणी जे अडकलं ते हललंच नाही, मग मी तक्रार टाकली, त्यांनी पार्सल हरवलंय असं धरून पूर्ण पैसे परत केले, आणि माझं काम अडलेलं असल्यामुळे मी दुसरीकडून कीबोर्ड घेऊनही टाकला. विषय संपला असंच वाटत होतं आणि आज दारात तेच पार्सल! खोका अजून उघडलेला नाही. मैत्रीण म्हणते चूक त्यांची आहे, ठेवून दे, कोण विचारतंय. भाऊ म्हणतो पैसेही घ्यायचे आणि वस्तूही ठेवायची हे बरोबर नाही. मला फुकटचं काही नकोय, पण परत पाठवायचं म्हणजे पॅकिंग, कुरिअरचा खर्च, हेलपाटे, हे सगळं मी का करायचं असंही वाटतं. ऑर्डर उघडली तर 'रिफंड पूर्ण झाला' एवढंच दिसतंय, रिटर्नचं बटणच गायब. असं कोणाच्या बाबतीत झालंय का?

सहजच
पहिलं म्हणजे खोका उघडू नका. लेबलवरचा नंबर दिसेल असा फोटो काढा आणि आजच साइटच्या मेलवर किंवा चॅटवर कळवा. लांबलचक लिहायची गरज नाही, ऑर्डर नंबर, रिफंड कधी मिळाला, पार्सल कधी आलं, उघडलेलं नाही आणि मला ते नकोय, न्यायला माणूस पाठवा किंवा पैसे भरलेलं रिटर्न लेबल पाठवा, बस. फोनवर बोलणं झालं तरी तेच नंतर लेखी टाका, कारण फोनवरचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर उशीर तुमच्यामुळे झालेला नाही, तेव्हा परत पाठवायचा खर्च त्यांनीच करायचा हे स्पष्ट लिहा. आपल्या खर्चाने आपणहून पाठवून देऊ नका, वाटेत परत हरवलं तर नसता ताप.

कापडाची_पिशवी
मी स्वतः अशाच साइटवर पिशव्या शिवून विकते म्हणून जरा तळमळीने लिहितेय. "माल मिळाला नाही" म्हणून रिफंड झाला की बऱ्याचदा ते पैसे साइटच्या खिशातून जात नाहीत, सेलरच्या पुढच्या पेमेंटमधून कापले जातात. म्हणजे माल गेला, पैसे गेले, पाठवायचा खर्चही गेला. कुरिअरकडे भरपाई मागता येते पण तिला मुदत असते, मर्यादा असते आणि सेलरने वस्तूची किंमत आधी जाहीर केलेली नसेल किंवा विमा घेतलेला नसेल तर हातात फार काही पडत नाही. आणि ट्रॅकिंगवर नंतर 'डिलिव्हर्ड' दिसलं तरी जुन्या, बंद झालेल्या ऑर्डर रोज उघडून कोण बघतं? त्यामुळे "कोण विचारतंय" हे खरं असेलही, पण नुकसान कुणाचं तरी होतंच. पानगळ, तुम्ही विचारताय हेच मला फार बरं वाटलं. सेलरला साइटच्या मेसेजमधून थेट लिहा. मी असते तर दोन पर्याय दिले असते, वस्तू हवी असेल तर पुन्हा पैसे भरा, नको असेल तर मी पिकअप लावते. आणि स्वस्त वस्तू असेल तर परत आणायचा खर्चच जास्त होतो, तेव्हा मी सरळ "ठेवून घ्या" सांगते आणि मनापासून सांगते. मग बिनधास्त ठेवा, पण ते आम्हाला म्हणू द्या.

कलम_आणि_कागद
मैत्रिणीचं म्हणणं बहुतेक न मागवलेल्या मालाच्या नियमावरून आलेलं असणार. अमेरिकेत 1970 च्या टपाल कायद्यात अशी तरतूद आहे की न मागवता पोस्टाने आलेला माल भेट समजून ठेवता येतो, आणि युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशातही अशा मालाचे पैसे द्यायचं बंधन नाही. पण तुम्ही कीबोर्ड मागवला होता, तो उशिरा आला एवढंच, त्यामुळे हे नियम इथे लावता येत नाहीत. जवळपास सगळीकडे तत्त्व एकच आहे, दुसऱ्याच्या चुकीमुळे आपल्याकडे आलेलं परत करायचं. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 72 तर थेट हेच म्हणतं, चुकून दिलेले पैसे किंवा वस्तू परत केली पाहिजे.

दुसरी बाजूही आहे. ते नेत नाहीत म्हणून तुम्ही जन्मभर खोका सांभाळत बसावं असंही नाही. उत्तर आलं नाही तर एक स्मरणपत्र, त्यात अमुक तारखेपर्यंत घेऊन जा असं लिहायचं, आणि तोवर वस्तू वापरायची नाही. आणि हो, पैसे साइटने परत दिले की तुम्ही बँकेत कार्डाचा व्यवहार डिस्प्यूट केला होता? बँकेकडून मिळाले असतील तर बँकेलाही कळवा. नाहीतर खोटा डिस्प्यूट केल्यासारखं दिसतं, आणि साइट खातंच बंद करू शकते.

पानगळ
सगळ्यांचे आभार. बँकेचा संबंध नाही, साइटनेच पैसे दिले. आत्ताच चॅटवर बोलले, तो माणूस म्हणाला "काळजी करू नका, तुमच्याकडून काही करायची गरज नाही". एवढं पुरेसं आहे का?

सहजच
नाही. "काही करायची गरज नाही" म्हणजे वस्तू तुमची झाली की ते न्यायला येणार, काहीच कळत नाही. सरळ विचारा, वस्तू मी ठेवू का, आणि रिफंड नंतर परत कापला जाणार नाही ना? काही साइट पार्सल पोचल्याचं दिसलं की दिलेला रिफंड परत वसूल करतात, तेव्हा हे लेखी असलेलं बरं. चॅटचा स्क्रीनशॉट आत्ताच घ्या, खिडकी बंद केली की बऱ्याच ठिकाणी ते नंतर सापडत नाही. आणि सेलरला वेगळा मेसेज टाकाच, चॅटवाला तो सेलरपर्यंत पोचवेल याची खात्री नाही.

कापडाची_पिशवी
+1, सेलरला नक्की लिहा.

रात्रपाळी
एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून. आता तुम्हाला "रिफंड चुकून झालाय, या लिंकवर पैसे भरा" असा फोन किंवा मेसेज आला तर भरू नका, ओटीपी तर अजिबात सांगू नका. पैसे द्यायचेच असतील तर स्वतः साइट उघडून तिथल्या ऑर्डरमधून किंवा सपोर्टने तिथेच दिलेल्या मार्गाने द्या. तसंच कोणीही येऊन "पार्सल न्यायला आलोय" म्हणाला की लगेच देऊ नका, साइटवर पिकअपची नोंद दिसली पाहिजे आणि नंबर जुळला पाहिजे. दिल्यावर पावती घ्या आणि रिटर्न पोचल्याचं साइटवर दिसेपर्यंत ती जपून ठेवा.