जपानची टीम सगळीकडे 3 च देते. नाराज आहे की सवय आहे?

खूणवाली: आमचा एकच समाधान-सर्व्हे जपान आणि मेक्सिकोच्या टीमना गेला होता. 1 ते 5, नेहमीचाच. जपानवाल्यांनी बहुतेक ठिकाणी 3 वर खूण केलीय, मेक्सिकोकडून 5 चा पाऊस. वरिष्ठ म्हणतात, जपानमध्ये असंतोष आहे. मला पटत नाहीये, पण उद्याच्या मीटिंगमध्ये 'मला वाटतं' म्हणून भागणार नाही. कुणी यात काम केलंय का?

आकडेमोड्या: माझी रोजीरोटीच ही, त्यामुळे उत्तर लांबेल. शंका रास्त आहे. चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी 1995 मध्ये जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिकेतल्या अकरावीच्या मुलांची उत्तरं ताडून पाहिली. जपान-तैवानची मुलं मधला आकडा जास्त वापरत होती, अमेरिकेतली टोकाचे. लोक इथवरच सांगतात. पण प्रत्येक देशाच्या आतसुद्धा, व्यक्तिवादाकडे कल असलेली मुलं टोकाकडे जास्त जात होती. म्हणजे देशाचं नाव घेऊन सुटका नाही, स्वभावही मध्ये येतोच. शिवाय फरक लहान होता, सरासऱ्यांची तुलना त्याने बदलली नाही. तेव्हा 'सगळा सवयीचा खेळ' असं ठोकून देऊ नका, तोंडघशी पडाल.

मोजपट्टीचाही हात असतो. हुई आणि ट्रायँडिस यांच्या 1989 च्या अभ्यासात अमेरिकी नौदलातले हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुळं असलेले लोक 5 च्या पट्टीवर टोकाची उत्तरं जास्त देत होते. पट्टी 10 ची केल्यावर तो फरक उरला नाही.

तिरपागडा: थोडक्यात, सर्व्हे बंद करा! आमच्यात तर प्रश्न न वाचता 'सहमत, सहमत' करत जाणारे आहेत.

आकडेमोड्या: त्यांच्यासाठी उलटे प्रश्न घालतात. 'माझ्या कामाची कदर होते' आणि 'मी काय करतो याची इथे कुणाला पडलेली नाही', दोन्हीला सहमत असलेला माणूस लगेच सापडतो.

खूणवाली: आमच्यात उलटे प्रश्न नाहीत. उद्याचं काय?

आकडेमोड्या: पुढच्या वेळी दोन-तीन काल्पनिक कर्मचाऱ्यांचे प्रसंग द्या आणि त्यांनाही गुण द्यायला सांगा. कोण कोणत्या मापाने मोजतो ते कळतं. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हेच केलं. सरकारवर आपला किती प्रभाव आहे असं थेट विचारल्यावर चीनमधले लोक मेक्सिकोच्या पुढे होते, प्रसंगांच्या मापाने पाहिल्यावर क्रम उलटला.

उद्यापुरतं: जपानची तुलना जपानच्याच मागच्या वर्षाशी करा. राजीनामे किती, तेही एचआरकडून घ्या.

खूणवाली: पाहिलं. राजीनामे तेवढेच, मागच्या वर्षीही सगळे 3 च. फक्त 'मॅनेजरशी मोकळेपणाने बोलता येतं' याला तेव्हा 3 होते, आता बहुतेकांचे 2.

आकडेमोड्या: मग मेक्सिको सोडा. उद्या त्या एकाच प्रश्नावर बोला, आणि तो मॅनेजर खोलीत नसताना.