मदत हवी आहे: छोट्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये 6 जणांची ऑर्डर कशी द्यावी?

आम्ही 6 जण जाणार आहोत, त्यातले 2 शाकाहारी. किचन लहान असलं की 6 वेगवेगळे मेन कोर्स एकदम निघत नाहीत. दोघांच्या प्लेट येतात, बाकीचे ताटकळतात. म्हणून मेन कोर्स 3 प्रकारांतच बसवावेत असं वाटतंय. पटतंय का?

खरा घोळ सूफ्लेचा (अंडी फेसून भाजलेल्या फुगीर डेझर्टचा) आहे. तो भाजायला 15-20 मिनिटं लागतात आणि ओव्हनबाहेर आला की आतली गरम हवा आकसून काही मिनिटांतच खाली बसतो. त्यामुळे ऑर्डर सुरुवातीलाच द्यावी लागते. पण गप्पांत मेन कोर्स रेंगाळला तर? 'आमच्या प्लेट उचलल्यावरच ओव्हनमध्ये ठेवा' असं सांगितलेलं शेफना चालतं का?

शाकाहारी मंडळींचं वेगळंच. कांद्याचं सूप बहुतेक ठिकाणी बीफ स्टॉकमध्ये करतात, आणि त्यावरच्या पारंपरिक ग्रुयेर चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरलेला, वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असतं, हे मेन्यूवर सहसा लिहिलेलं नसतं. रातातुईने (भाज्यांच्या फ्रेंच रश्शाने) पोट भरत नाही. दुसरं काय मागवता येईल? आणि हे बुकिंग करतानाच विचारावं, की टेबलावर बसल्यावर विचारलं तरी काही बदलून मिळतं?