शब्दचर्चा : स्ट्रॉन्टियम की स्ट्रॉन्शियम? आणि सेलेस्टाइटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : आमच्या फाउंड्रीत ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या रसात ओतायच्या आधी थोडा स्ट्रॉन्शियम नावाचा धातू घालतात, शेकडा ०.०२ च्या आसपास. तेवढ्यानं सिलिकॉनच्या जाड सुया बारीक तंतूंसारख्या होतात, माल ठिसूळ राहत नाही. पण निम्मे लोक 'स्ट्रॉन्टियम' म्हणतात, निम्मे 'स्ट्रॉन्शियम'. नव्या पोरांसाठी मराठी-कन्नड शब्दांचा तक्ता करतोय. काय लिहू? आणि ते ज्या दगडातून येतं त्या सेलेस्टाइटला आपला शब्द आहे का?

उत्तर (खानापूर) : दादा, लिहा 'स्ट्रॉन्शियम', पण 'टि' म्हणणाऱ्यांना चुकीचं ठरवू नका. हे नाव स्कॉटलंडमधल्या एका गावाचं आहे आणि तिथले लोक गावाला 'स्ट्रॉन्टीअन' म्हणतात. तिथल्या शिशाच्या खाणीतल्या दगडात नवा पदार्थ आहे हे १७९० मध्ये ॲडेर क्रॉफर्डनं ओळखलं. हम्फ्री डेव्हीनं १८०८ मध्ये विजेच्या साहाय्यानं धातू वेगळा केला.

मला गंमत वाटली ती गावाच्या नावाची. तिथल्या जुन्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ 'पऱ्यांच्या टेकडीचं नाक'. डोंगराचा पुढं आलेला भाग म्हणजे नाक! आपण खानापूरकडं त्यालाच सोंड म्हणतो. दोन्हीकडच्या माणसांना डोंगर बघून नाकच सुचलं.

दगड मुख्यतः दोन. स्ट्रॉन्शियनाइट म्हणजे कार्बोनेट, सेलेस्टाइट म्हणजे सल्फेट. सेलेस्टाइट लॅटिनमधल्या आकाशावरून आलं, कारण त्याचे स्फटिक बऱ्याचदा फिकट निळे असतात. 'आकाशी दगड' म्हणायचा मोह होतो, पण तो पांढरा आणि बिनरंगीही सापडतो. म्हणून तक्त्यात सेलेस्टाइटच ठेवा. खूण सांगायची तर वजन सांगा : तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा हाताला जवळजवळ दीडपट जड लागतो. धातू मात्र ॲल्युमिनियमपेक्षाही किंचित हलका, आणि हवेत पिवळट पडतो म्हणून तेलात ठेवतात.

निपाणीहून : शाळेत पोरं विचारतात, हे अणुबॉम्बमधलं ना? ते स्ट्रॉन्शियम-९०, म्हणजे अणुस्फोटात तयार होणारा त्याचा किरणोत्सारी प्रकार; अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे २९ वर्षं, कॅल्शियमसारखं हाडांत शिरतं. खाणीतलं स्ट्रॉन्शियम किरणोत्सारी नसतं. मी दिवाळीतली लाल उजेडाची काडी पेटवून दाखवतो. तो किरमिजी रंग बहुधा याच्याच क्षारांचा.

उद्यमबाग : सर, काडीचं उदाहरण तक्त्यात घेतो. आणि कंसात 'स्ट्रॉन्टियम' पण लिहितो.