एका महिन्यात कादंबरी : आधीची तयारी कोणती आणि किती?

प्रश्न : शब्दयात्री

नमस्कार. येत्या नोव्हेंबरात तीस दिवसांत ५०,००० शब्दांचा, कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण करण्याचे मी ठरवले आहे. क्रिस बॅटी यांनी १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोजक्या मित्रमंडळींसह सुरू केलेला हा उपक्रम पुढे ‘नॅनोरायमो’ या नावाने जगभर पोहोचला. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचे जाहीर केले. तरीही आम्ही काही मैत्रिणी आपापसांत तेच उद्दिष्ट ठेवून लिहिणार आहोत.

माझ्या मनात दोन बहिणींची कथा आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर घर विकावे की ठेवावे, यावरून त्या दुरावतात. सुरुवात आणि मधला संघर्ष मला दिसतो, शेवट मात्र अजिबात दिसत नाही. लिहायला बसण्यापूर्वी शेवट ठरलेला असावा का? सगळे आधीच आखून ठेवले तर लिहिण्यातला रस निघून जाईल, अशी भीतीही वाटते. नोकरी सांभाळून लिहायचे असल्यामुळे रोजचा हिशेब कसा बसवावा, हेही कृपया सांगावे.

उत्तर : कच्चा खर्डा

शेवटची घटना ठरली नाही तरी चालेल, पण शेवटी कोणत्या प्रश्नाचा निकाल लागणार आहे, हे मात्र पहिल्या दिवसाआधी ठरायला हवे. तुमच्या कथेत तो प्रश्न घराच्या विक्रीचा आहे की बहिणींच्या नात्याचा? घर विकले जाऊनही नाते सांधले जाऊ शकते आणि घर राहूनही ते कायमचे तुटू शकते. यातले काय तुम्हाला लिहायचे आहे, याचा विचार आताच करा. कारण तिसऱ्या आठवड्यात लेखन अडते ते बहुधा शब्द सुचत नाहीत म्हणून नव्हे, तर हा निर्णय झालेला नसतो म्हणून.

त्यानंतर प्रसंगांची यादी करा. सरासरी १,२०० शब्दांचा एक प्रसंग धरला, तर सुमारे चाळीस प्रसंग लागतात. सगळे आधी सुचणार नाहीत, पण निम्मे हाताशी असले तरी पुष्कळ आधार मिळतो. प्रत्येक प्रसंगाचे टाचण तीन ओळींपेक्षा मोठे नसावे : कोणाला काय हवे आहे, आड काय येते आणि प्रसंग संपताना काय बदललेले असते. उदाहरणार्थ, ‘थोरली वडिलांचे कपाट आवरते आहे, तिला घराची कागदपत्रे हवी आहेत, त्याऐवजी धाकटीला लिहिलेली, पण कधीच न पाठवलेली पत्रे सापडतात, ती पत्रे ती स्वतःजवळ लपवून ठेवते.’ एवढे पुरे. तिचा चेहरा, पत्रांतला मजकूर, ती लपवताना तिने स्वतःला दिलेले कारण, हे सगळे लिहिण्याच्या दिवसासाठी राखून ठेवावे. रस जाण्याची तुमची भीती मला खरी वाटते, पण तो जातो वाक्ये आधीच मनात घोळवून ठेवल्याने. प्रसंगाचा हेतू ठरवल्याने नव्हे.

दोन्ही बहिणींविषयी प्रत्येकी एक पान लिहा आणि त्यात दिसण्यापेक्षा वागण्यावर भर द्या. राग आला की कोण गप्प होते, पैशाचा विषय कोण टाळते, वडिलांचा लाडका विषय कोणाला ठाऊक होता, अशा गोष्टी संवाद लिहिताना फार उपयोगी पडतात.

उत्तर : निळी शाई

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र चाळीस प्रसंगांचा आग्रह मी धरणार नाही. पुढच्या पाच-सहा प्रसंगांपुरती स्पष्टता ठेवून दर रविवारी यादी वाढवत नेणे मला अधिक मानवते, कारण पात्रे लिहिता लिहिता उलगडतात आणि दूरची आखणी अनेकदा रद्द करावी लागते.

वेळेची आखणी मात्र काटेकोर हवी. ५०,००० भागिले ३० म्हणजे रोजचे १,६६७ शब्द, पण हा आकडा एकही दिवस न चुकवणाऱ्यासाठी आहे. प्रवास, पाहुणे, आजारपण यांसाठी पाच दिवस सोडले तर २५ दिवसांत रोज २,००० शब्द लिहावे लागतात. आपला अर्ध्या तासाचा वेग आताच तपासून पाहा. देवनागरी टंकलेखनाचा सराव नसेल तर ऑक्टोबरातच तो करून घ्यावा, किंवा बोलून टंकन करण्याची सोय वापरून पाहावी. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दालाच जोडली जात असल्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. त्यामुळे ४०,००० शब्दांचे उद्दिष्ट ठेवले, तरी त्याला कमीपणा मानण्याचे कारण नाही.

संदर्भ शोधण्यासाठी लेखन थांबवू नये. वारसाहक्काचा एखादा तपशील माहीत नसेल, तर तिथे ‘तपासणे’ असे चौकटी कंसात लिहून पुढे जावे. महिना संपल्यावर तो शब्द शोधला की सगळ्या जागा एकदम सापडतात.

प्रतिसाद : शब्दयात्री

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रश्न नात्याचा आहे, हे उत्तर वाचतानाच लक्षात आले. एक शंका उरते. तृतीयपुरुषी निवेदनाने सुरुवात केली आणि मध्यावर कथा धाकटीच्या तोंडूनच सांगायला हवी असे वाटले, तर मागचे बदलावे का?

उत्तर : कच्चा खर्डा

त्या महिन्यात तरी बदलू नये. ज्या दिवशी तसे वाटेल, त्या दिवसापासून पुढचे प्रसंग धाकटीच्या तोंडून लिहा आणि मागे काय बदलायचे, त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवा. पण ही शंका तुम्हाला आताच पडली आहे, तर ऑक्टोबरातच कपाटाचा तो प्रसंग दोन्ही निवेदनांत एकेक पान लिहून पाहावा. पत्रे थोरलीने लपवली आहेत. धाकटी निवेदक झाली, तर वाचकालाही ती तिच्याबरोबरच कळतील. हे तुम्हाला हवे आहे का, यावरच निवेदनाची निवड ठरेल. सरावाची ती पाने खर्ड्यात मात्र धरू नयेत, कारण आराखडा आणि टाचणे आधी करावीत, पण कादंबरीचा मजकूर पहिल्या तारखेपासूनच लिहावा, असा या आव्हानाचा मूळ दंडक आहे.