'बँडिट्स': केटनं दोघांपैकी एकाला निवडायला हवं होतं का? (शेवट फुटेल, सावधान)

अवलिया
परवा 'बँडिट्स' (2001, दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन) पुन्हा पाहिला. ओरेगनच्या तुरुंगातून सिमेंट मिक्सरचा ट्रक घेऊन पळालेले दोघे: रांगडा जो (ब्रूस विलिस) आणि सतत काहीतरी आजार झालाय म्हणणारा टेरी (बिली बॉब थॉर्नटन). आदल्या रात्री बँक मॅनेजरच्या घरी मुक्काम ठोकायचा, सकाळी त्याच्याबरोबरच बँकेत शिरायचं. मग नवऱ्याला विटलेली केट (केट ब्लँचेट) गाडीनं टेरीला उडवते आणि पुढे दोघांच्याही प्रेमात पडते. शेवटपर्यंत ती निवड करतच नाही, हेच मला धीट वाटलं. दरोडे नुसते निमित्त.

खडूस
धीट कसलं? लेखकाला सुचलं नाही, म्हणून तिघांना मेक्सिकोत धाडलं. त्यात सुरुवातीलाच टीव्हीवाला सांगतो की दोघे मेले. विनोदी सिनेमात नायक असे मरतात होय? आपण लगेच गोम शोधायला लागतो. गाडी चालवायला घेतलेला हार्वी स्टंटमन निघाला की खोट्या रक्ताचा अंदाज आलाच. उरलेला वेळ घड्याळ बघायचं.

बँकेतली
आमच्याकडे हा डाव चालणार नाही हो. तिजोरीच्या चाव्या दोघांच्या ताब्यात, एकट्याच्या चावीनं ती उघडत नाही. म्हणजे मॅनेजर आणि कॅशियर, दोघांकडे मुक्काम! पण खडूस, रहस्यासाठी कोण बघतंय? केट गाण्यावर थिरकत साग्रसंगीत स्वयंपाक करते आणि नवरा न जेवताच निघतो. तेवढ्यात कळतं ही बाई घर का सोडणार.

अवलिया
+१. आणि टेरीला जुन्या फर्निचरची भीती वाटते ना, ती थॉर्नटनची खरोखरची आहे. म्हणून ते ओढूनताणून वाटत नाही. जो धडाडीचा, टेरी बोलका आणि हळवा. दोघे मिळून तिला हवा तसा एक माणूस होतो, मग अर्धा का टाकावा तिनं?

खडूस
अभिनयाबद्दल तक्रार नाहीच. थॉर्नटन आणि ब्लँचेट दोघांना गोल्डन ग्लोबचं नामांकन होतं. विलिसला नव्हतं, यातच काय ते आलं. अख्ख्या सिनेमात तिचं खरं बोलणं होतं ते टेरीशी. जोला डच्चू द्यायला काय हरकत होती?