सासूबाई गेल्या, मुलं लांब गेली. पुढची वर्षं कशी लावावीत?

शहापूरकरीण

नमस्कार. मी बेळगावात, शहापूर भागात राहते. वय ५७. मुलगी बेंगळुरात, मुलगा पुण्यात. यजमान उद्यमबागेतल्या फौंड्रीतून निवृत्त झालेत. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून शेवटपर्यंत मीच बघितलं. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या.

अजून पहाटे जाग येते आणि लक्षात येतं की कुणाची कूस बदलायची नाही. त्यांची खोली धुऊन-पुसून घेतली, खाट परत दिली. आता त्या खोलीत काय करायचं ते कळत नाही.

मुलगा म्हणतो, "आई, बाळासाठी पुण्यालाच ये." सुनेची रजा संपत आलीय. नातवावर माझा जीव आहे, त्याला मांडीवर घ्यायला हात शिवशिवतात. पण गेले तर पाच-सात वर्षं तिथलीच होईन, आणि परत येईन तेव्हा गुडघे साथ देणार नाहीत, हे मला दिसतंय. मुलाला हे सांगायचं कसं? यजमानांचं म्हणणं, गल्लीतल्या बायकांना घेऊन शेवया-पापड, मसाला सुरू कर. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला परत चुलीपुढे उभं राहायचं नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय.

मनात दोन गोष्टी आहेत. लग्न ठरलं म्हणून बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं. मराठी घेतलं होतं. ते पुरं करावंसं वाटतं. दुसरं असं की सासूबाईंचं करताना जे शिकले, ते विचारायला अजून बायका येतात. मागच्या गल्लीत एकीच्या सासऱ्यांना नाकातून नळी घातलीय. डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं आणि तिला घरी पाठवलं. मी तिच्या शेजारी बसून दोनदा पेज घालून दाखवली. तिचा हात थरथरायचा थांबला तेव्हा मला जे वाटलं, ते फार दिवसांत वाटलं नव्हतं. यातलं आधी काय धरू?

कंग्राळीची मावशी

बाई गे, मी सांगतो ते ऐक. नाही म्हणू नकोस आणि सगळं होयही म्हणू नकोस. किती महिन्यांसाठी येते ते आधी बोल. लेकीकडं बेंगळूरला जाताना आम्ही बसून ठरवलं होतं, रजा संपल्यावर पहिले तीन महिने मी येतो, तेवढ्यात तुम्ही पाळणाघर बघायचं. तसंच झालं. कुणाचं मन दुखलं नाही, कारण आधी बोललो होतो.

आणि सुनेला विचार, तिच्या कंपनीत किती माणसं आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाता येतं. रजाही पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे. पोरींना हे ठाऊक नसतं आणि मग सगळा भार आजीवर येतो. सणाला, सुट्टीला तू जाणारच की. नातू कुठं पळून जात नाही.

निवृत्त सिस्टर, टिळकवाडी

ताई, तुमचं दुसरं काम वाचून बरं वाटलं. वॉर्डात आयुष्य गेलं माझं, म्हणून सांगते: रुग्ण घरी जातो तेव्हा खरी अडचण सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदला असं सगळे सांगतात. पाठीला न ओढता, चादरीसकट कसं वळवायचं ते कुणी दाखवत नाही. नळीतून घालताना डोकं आणि छाती उंच हवी आणि नंतरही अर्धा-एक तास तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न फुफ्फुसात जातं. माकडहाडावर लाल डाग पडला आणि बोटानं दाबून लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथं चोळायचं नाही. आपल्याकडं तेल लावून चोळतात आणि कातडी सुटते.

तुम्ही हे शिकवा. पण नळी बदलणं, इंजेक्शन, लघवीची नळी बसवणं याला हात लावू नका. ते नर्सचं काम. दुसरं, माणूस उचलायला एकट्या कधीच जाऊ नका. आणि थोडे का होईना पैसे घ्या. फुकट म्हटलं की रात्री-अपरात्री हाक येते आणि तुम्ही परत अडकता. घरच्या बाईला आठवड्यातून दोन तास मोकळीक मिळाली, ती बाजाराला किंवा नुसती कपिलेश्वराच्या देवळात जाऊन आली, तरी तिला पुढचा आठवडा निभावतो.

त्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या: साखर, रक्तदाब, डोळे, हाडांची घनता. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं झिजतात, आणि दुसऱ्याचं करणाऱ्या बाया स्वतःच्या तपासण्या पुढं ढकलत राहतात. हे मी फार बघितलंय.

निपाणीकर

काकू, शिक्षणाचं सांगतो. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात वयाची वरची अट नाही, जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. मात्र तिथं बरंचसं साहित्य इंग्रजी-हिंदीत. मराठीतूनच शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्यासाठी महाराष्ट्रातलं अभ्यासकेंद्र घ्यावं लागेल, कारण राज्याच्या विद्यापीठाला राज्याबाहेर केंद्र काढता येत नाही. चंदगड, गडहिंग्लज बाजूला चौकशी करा. जुनी गुणपत्रकं शोधून ठेवा. मागची वर्षं धरतात का ते अर्ज भरण्याआधीच विचारा.

प्रवासाचं म्हणाल तर कर्नाटकच्या साध्या बसला जून २०२३ पासून शक्ती योजनेत तुम्हा बायकांना प्रवास फुकट आहे. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पण ते त्यांच्या हद्दीतच. आपल्या सीमेवरच्या माणसानं दोन्हीकडचा हिशेब ठेवायचा.

खानापूरहून

वहिनी, पावसाळ्यात सासूबाई गेल्या म्हणजे अजून वर्ष व्हायचंय. इतकी वर्षं जिचं केलं ती गेली. एवढ्यात खोली भरायची घाई कशाला? वर्षश्राद्ध होऊ दे. तोवर सकाळी चालायला जा, वाचनालयाची वर्गणी भरा. आणि यजमानांना भात-आमटी करायला शिकवा. तुम्ही तीन महिने पुण्याला गेलात किंवा परीक्षेला बसलात, तरी डबा कोण करणार हा प्रश्न येणारच आहे.

शहापूरकरीण

सगळ्यांचे आभार. मावशी, काल मुलाशी बोलले. तीन महिने म्हटल्यावर तो आधी गप्प झाला, मग सून मागून म्हणाली, "आई, तेवढं पुष्कळ झालं, मी ऑफिसात पाळणाघराचं विचारते." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

खानापूरच्या भावजींचं बोलणं मनाला लागलं, चांगल्या अर्थानं. खोली आहे तशी ठेवते. यजमान आमटी शिकायला तयार आहेत, कुकर मात्र मीच लावायचा म्हणतात, तेही बघू. बी.ए.चा अर्ज पुण्याहून आल्यावर भरीन, गुणपत्रकं आज कपाटात शोधते.

सिस्टर, ते चादरीसकट वळवणं मी माझ्या अंदाजानं करत होते. मला ते नीट शिकायचंय, मगच दुसरीला दाखवीन. मागच्या गल्लीतली ती सूनही येईन म्हणतेय. रविवारी दुपारी टिळकवाडीत आलो तर चालेल का?