जुनी पिकअप, साठ हजारांचं बजेट, दोन महिन्यांवर फिटनेस: आधी कशाला हात घालू?

तुर्भे_पिकअप

नमस्कार मंडळी. २०१४ची एक टनी पिकअप आहे, एमएच ४३ पासिंग. अडीच लिटर टर्बो डिझेल, कॉमन रेल नाही, साधा मेकॅनिकल पंप. मीटरवर २ लाख ४० हजार. एपीएमसीतून भाजीचे क्रेट भरतो, कधी घोडबंदर रोड, कधी भिवंडी. फिटनेस (आरटीओची गाडी तपासणी) दोन महिन्यांवर आलंय आणि हातात साठ हजार आहेत. त्याच्या वर जाता येणार नाही.

सध्याची अवस्था: मागची डावी बाजू बसली आहे, गाडी रिकामी असली तरी दिसते. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. भरलेली असली की मुंब्रा बायपासच्या चढाला काळा धूर सोडते, ओढ राहत नाही, टेंपरेचरचा काटा लालच्या जवळ जातो. सकाळी चार-पाच सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही. हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी आरपार गेलाय. हेडलाइट मिणमिणतात.

एक मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवू. दुसरा म्हणतो मागे दोन-दोन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढव, मोठे टायर टाक, एलईडी बल्ब लाव. सगळं एकदम जमणार नाही. क्रम सांगा.

डिझेल_कळवा

दादा, इंजिन उतरवायला आत्ता कोणालाही हो म्हणू नका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. ऑइल जळत असेल तर धूर निळा येतो. हवेच्या बाजूने सुरुवात करा, कारण तिथे खर्च सगळ्यात कमी.

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा, शंका असेल तर सरळ नवा घाला. मग टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे सगळे रबरी होज हाताने दाबून, वाकवून बघा. चीर बहुतेक खालच्या बाजूला किंवा क्लिपच्या कडेखाली असते. उभ्या गाडीत ती मिटलेली राहते, चढाला प्रेशर आलं की उघडते. होजवर बाहेरून तेलकट काळा डाग दिसला तर फुटकी जागा तीच. खात्री करायची असेल तर लाइन बंद करून १ बारच्या आतली हवा द्या आणि वर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे लगेच दिसतात. टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित खेळ चालतो, पण पुढे-मागे खेळ लागला किंवा पंखा घराला घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला.

इथे काही सापडलं नाही तरच इंजेक्टर काढून डिझेल लॅबमध्ये टेस्ट बेंचवर लावा. प्रेशर आणि फवारा दोन्ही बघायला सांगा. नोझल टपकत असेल तर डिझेल नीट जळत नाही. परत बसवताना खालचे कॉपर वॉशर नवेच घाला, जुने उलटे करून नाही. पंपाचा सील केलेला स्क्रू मात्र कोणाला फिरवू देऊ नका. ओढ वाढल्यासारखी वाटते, पण धूर आणि एक्झॉस्टची उष्णता दोन्ही वाढतात. तुमची गाडी आधीच तापते आहे, पिस्टन आणि हेडवर बेतेल.

इंजेक्टर निघालेलेच असतील तर त्याच भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्या. अशा डिझेल इंजिनला साधारण २५ ते ३० बार मिळायला हवं आणि सिलिंडरा-सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको. आकडे बरे आले आणि ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभक बॅक कॉम्प्रेशन मारत नसेल, तर इंजिन उघडण्याचं कारणच उरत नाही.

पीयूसीचंही लक्षात असू द्या. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज (धुराच्या गडदपणाचं माप), त्याआधीच्या गाडीला ६५. आरसीवर कोणतं लिहिलंय ते बघा. टेस्टला थंड इंजिन घेऊन जाऊ नका, ऑइल निदान ६० अंशांपर्यंत तापलेलं हवं.

वागळे_चेसिस

क्रम असा ठेवा: ब्रेक, पाटे, मग धूर आणि कूलिंग, शेवटी हौदा. पैशाचा निम्मा भाग पहिल्या दोनवर जाईल, जाऊ द्या.

ब्रेक डावीकडे ओढतो याचा अर्थ डावा ब्रेक जास्त लागतोय असाच नसतो. बऱ्याचदा उजवा लागत नसतो. पुढच्या कॅलिपरच्या पिना जाम आहेत का बघा, दोन्ही बाजूंच्या. दुसरी जागा रबरी ब्रेक होज. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, आतून फुगून बंद होतो. मग तेल जातं पण परत येत नाही आणि ते चाक धरून राहतं. सपाट रस्त्यावर पाचेक किलोमीटर चालवून चारही रिमवर पाण्याचे थेंब टाका, जो चुर्र करेल तो अडकलाय.

मागचे ड्रम काढा. लायनर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर) ओले असतील तर आधी हे ठरवा की ओल ब्रेक ऑइलची आहे की एक्सलच्या ऑइलची. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडर, गिअर ऑइलचा वास आला तर एक्सलचा ऑइल सील. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा लावणारे मिस्त्री आहेत, ऐकू नका. गरम झाले की आतलं तेल पुन्हा वर येतं. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदला. ड्रमला लेथवर मारायचं असेल तर त्यावर कोरलेला जास्तीत जास्त व्यास आधी वाचा, त्याच्या पुढे ड्रम भंगारातच जातो.

आता पाटे. सपाट जागेवर, गाडी रिकामी, चारही टायरात सारखी हवा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. १०-१२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पाट्याचा सेट उतरवावाच लागेल. वायर ब्रशने घासून एकेक पाटा बघा, चीर सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा टोकाच्या डोळ्याच्या (पिन बसते त्या गोल भोकाच्या) वळणाला असते. भट्टीत लाल करून हातोड्याने कमान देणारे स्वस्तात करतात, पण पाट्याचं पोलाद नीट पाणी देऊन पुन्हा टेंपर केलं नाही तर ते एक तर मऊ पडतं, पंधरा दिवसांत बसतं, किंवा कडक होऊन तुटतं. तुटलेला पाटा त्याच जाडीचा, त्याच रुंदीचा नवा घ्या. मुख्य पाटा गेला असेल तर दोन्ही बाजूंचे पूर्ण सेट. शॅकल पिना आणि बुश त्याच वेळी, कारण मजुरी एकदाच लागते.

यू-बोल्ट नवेच. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कने, आणि शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. हे विसरलं की सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल सरकतो.

एपीएमसी_रात्रपाळी

एक पाटा वाढवला तर काय बिघडतं? मार्केटमधल्या बहुतेक गाड्यांना आहे. भरलेली गाडी टेकत नाही, कोपऱ्यावर झोलही कमी मारते.

वागळे_चेसिस

बिघडतं ते ब्रेकमध्ये, आणि दिसत नाही म्हणून जास्त धोक्याचं. मागच्या एक्सलवरून चेसिसकडे जाणारा एक दांडा असतो, तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा. चेसिस किती खाली बसली त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं ते ठरवतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक कमी मिळतो आणि सगळं ओझं पुढच्या पॅडवर येतं. उतारावर पुढचे ब्रेक तापून पेडल मऊ पडतं. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे घालून मागची उंची वाढवली तरी तेच होतं, वर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात.

तुर्भे_पिकअप, तुमच्या गाडीत हा दांडा असेल तर आजच वाकून बघा. गंजून जाम झालेला किंवा तारेने वर बांधून ठेवलेला सापडतो. बांधलेला असेल तर उलटा धोका आहे: रिकाम्या गाडीत मागची चाकं जाम होतात. पावसात गायमुख घाटात ओल्या रस्त्यावर तसा ब्रेक लागला तर गाडी आडवी होते.

आणि पाटा वाढवल्याने आरसीवरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा मालाला २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय माल उतरवायला लावतात. तुमच्या बजेटचा तिसरा हिस्सा एका नाक्यावर जाईल. मोठ्या टायरचंही तेच. कंपनीने मंजूर केलेल्या मापाबाहेरचं काही लावलं की कलम ५२ आडवं येतं, फिटनेसलाही अडतं. त्याच मापाचे चांगले टायर घ्या. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) पुढच्या चाकांना अजिबात नको.

वायरमन_ऐरोली

हेडलाइट आणि सेल्फ, दोन्हीचं मूळ बहुतेक वायरिंगमध्ये आहे. मल्टिमीटर घ्या. लाइट चालू करून बॅटरीवर आणि बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बल्बचा दोष नाही, जुना स्विच आणि बारीक वायर वाटेत करंट खातायत. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो, तुमच्या रस्त्यावर पडत नाही, आणि फिटनेसला आक्षेप येतो. त्याऐवजी दोन ३० अँपिअरचे रिले घ्या, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीजवळ प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज, वायर २.५ स्क्वेअर मिमी, जुना स्विच फक्त रिले चालवायला. ६०/५५ वॅटचे साधे एच-४ बल्ब तसेच राहू द्या. उजेडातला फरक पहिल्याच रात्री दिसेल.

सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जातंय का बघा. जात नसेल तरी इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी उघडून घासा, खाडीच्या हवेत ती हिरवी पडते. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी उठत नाही असं असेल तर रात्रीत डिझेल लाइनमध्ये हवा शिरतेय. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक डिझेल नळी तात्पुरती जोडा. सकाळी बुडबुडे दिसले तर टाकीपासून फिल्टरपर्यंतची एखादी क्लिप, बॅन्जोचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर किंवा हँड प्रायमर हवा खेचतोय.

कळंबोली_फॅब्रिकेशन

हौद्याचं वजन आधी मोजा. २.५ बाय १.७ मीटरचा तळ धरला तर ३ मिमी साध्या पत्र्याचे १०० किलो होतात, २ मिमीचे ६७. चेकर प्लेट त्याहून थोडी जड. जुन्यावरच नवा ३ मिमी पत्रा टाकून दिला तर चार-पाच क्रेटचं वजन कायमचं घेऊन फिराल, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचून पुन्हा गंज. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापा, तेवढाच २ मिमीचा तुकडा बसवा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात कापून मिळतो.

पत्रा कापल्यावर खालच्या आडव्या पट्ट्या दिसतील. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बोदा आला तर आतून गेली. भाजीचं पाणी इथेच मुरतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरची जोडणी काढा, अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळच लावा. चिमटा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड किंवा भोक नको, चीर तिथूनच सुरू होते. शेवटी झिंक प्रायमर दोन हात, मग रंग, आणि चारही कोपऱ्यांत पाणी जायला १२ मिमीची भोकं.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून फाळका, दरवाजा, रेडिएटरच्या पंख्याचं कव्हर बिनधास्त घ्या. ब्रेक होज, व्हील सिलिंडर, टाय रॉड एंड, बेअरिंग मात्र तिथून घेऊ नका.

तुर्भे_पिकअप

खूप आभार. आज मोजलं. डावी बाजू १८ मिमी खाली. डावीकडचा वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टजवळ तुटलाय, मुख्य पाटा दोन्हीकडे शाबूत. सेन्सिंगचा दांडा खरोखर तारेने बांधलेला आहे. टर्बोच्या खालच्या होजला चीर आहे, तेलाचा डागही तिथेच. तापण्याचं काय करू? मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणतो.

डिझेल_कळवा

होज बदलून आधी चढाला नेऊन बघा, तापणं तिथेच निम्मं कमी होऊ शकतं.

थर्मोस्टॅट काढू नका. काही इंजिनांत तो काढला की पाणी बायपासमधूनच फिरत राहतं आणि भरलेल्या गाडीत उलट जास्त तापतं. तो काढून पातेल्यात पाणी आणि थर्मामीटरसह गरम करा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडला की ठीक. रेडिएटरच्या जाळीत आणि इंटरकूलरच्या मध्ये चिखल, पिसं, पाला अडकलेला असतो. इंजिनच्या बाजूने बाहेर असं पाणी मारा, प्रेशर कमी ठेवून, नाहीतर पाती दुमडतात. रेडिएटर पितळी असेल तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) होतं, अ‍ॅल्युमिनियमचा प्लॅस्टिक टाकीवाला असेल तर होत नाही, तो बदलावाच लागतो. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप नवी.

वागळे_चेसिस

तिसरा पाटा दोन्ही बाजूंचा बदला, एकाच बाजूचा नवा घातला तर गाडी आता उजवीकडे कलेल. बुश, पिना, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही नवे; यू-बोल्ट मागच्या दोन बाजूंचे मिळून चार. तार कापा, दांड्याचे सांधे मोकळे करून ग्रीस लावा, आणि पाटे बसल्यानंतरच मॅन्युअलमधल्या मापाने त्याची लांबी लावा, आधी नाही.

ब्रेक ऑइल पूर्ण बदला, डॉट-३ की डॉट-४ ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. सीलबंद लिटरचा डबा घ्या, सुट्टं किंवा उघडं ठेवलेलं नको, ते हवेतली ओल धरतं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, मग त्याच्या शेजारचं मागचं, मग पुढची दोन. सेन्सिंग व्हॉल्व्हवर स्वतःचा निपल असेल तर त्याचीही हवा काढा. त्या वेळी गाडी जॅकवर लटकलेली नको, चाकं जमिनीवर किंवा एक्सलखाली स्टँड हवेत. एक्सल खाली लोंबकळला की तो व्हॉल्व्ह मागची लाइन आवळतो, हवा आतच राहते आणि पेडल मऊ लागतं.